दूध तुटल्यावर

डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. या छोट्याशा देशात दर वर्षी तयार होणारी डुकरं मात्र तीन कोटींच्या घरात. डॅनिश बेकन जगभर विकलं जातं आणि तिथल्या खेड्यापाड्यांतले अनेक संसार त्याच्या जिवावर चालतात. अशा देशानं 1998 आणि 1999 या दोन वर्षांत डुकरांच्या खाद्यातून वाढीसाठी दिली जाणारी सगळी प्रतिजैविकं काढून टाकली. हे काम टप्प्याटप्प्यानं झालं. आधी 35 किलोंच्या वरच्या डुकरांचं औषध थांबलं, मग नुकतंच दूध तुटलेल्या पिल्लांचं.

मोठ्या डुकरांचं औषध थांबलं तेव्हा फारसं काही बिघडलं नाही. वजनं भरत राहिली, खाद्याचा खर्च जवळपास तेवढाच राहिला. पिल्लांचं थांबलं आणि शेडांमध्ये हगवण लागली. जनावर तेच, औषधं तीच, बंदी तीच. मग एकीकडे शांतता आणि दुसरीकडे धावपळ, असं का व्हावं? याचं उत्तर सापडलं की ओवा, लसूण, दालचिनीचं तेल, फॉर्मिक आम्ल, उपयुक्त जिवाणू अशा ‘नैसर्गिक पर्यायां’कडून काय मागावं आणि काय मागू नये, याचाही उलगडा होतो.

औषध पोत्यात कसं शिरलं

दुसरं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोन शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांना ब-12 जीवनसत्त्व स्वस्तात कशातून देता येईल, ते शोधत होते. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन नावाचं नवं प्रतिजैविक तयार होत असे. मातीतला एक सूक्ष्मजीव टाक्यांमध्ये वाढवायचा, त्यानं बनवलेलं औषध काढून घ्यायचं आणि मागे उरलेला चोथा टाकून द्यायचा, अशी ती पद्धत. ज्यूक्स-स्टोकस्टॅड यांनी 1948 मध्ये तो चोथा पिल्लांना खाऊ घातला. पिल्लं जोमानं वाढली, आणि वाढ एवढी की नुसत्या ब-12 च्या हिशेबात ती बसेना. चोथ्यात राहून गेलेलं किंचितसं प्रतिजैविक हे काम करत होतं. डुकरांतही तोच अनुभव आला. 1951 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं खाद्यात मिसळायला परवानगी दिली आणि ही पद्धत बघता बघता जगभर पसरली.

यातली मात्रा पाहण्यासारखी आहे. एका टन खाद्यात साधारण 40 ग्रॅम. आजारी जनावर बरं करायला एवढं औषध पुरत नाही. रोज थोडं थोडं पोटात गेल्यानं आतड्यातल्या जिवाणूंची गर्दी आणि तिच्यामुळे होणारा दाह कमी होतो, आणि वाचलेली शक्ती अंगाला लागते. हा फायदा घाणेरड्या, कोंदट शेडमध्ये जास्त दिसायचा आणि स्वच्छ, मोकळ्या शेडमध्ये कमी. म्हणजे खाद्यातलं औषध व्यवस्थापनातल्या उणिवांवर पांघरूण घालत होतं. 1969 मध्येच ब्रिटनच्या स्वान समितीनं इशारा दिला होता, की माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविकं जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. त्यानंतरही अनेक औषधं ‘हे काही माणसांना देत नाहीत’ या सबबीखाली खाद्यात राहिली.

चोवीस किलो आणि चोवीस हजार किलो

ही सबब डेन्मार्कमध्ये उघडी पडली. अव्होपार्सिन हे औषध माणसांना देत नसत, पण त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असं व्हॅन्कोमायसिन हे रुग्णालयांतल्या शेवटच्या हत्यारांपैकी एक होतं. 1994 मध्ये डेन्मार्कमधल्या सगळ्या रुग्णांसाठी मिळून 24 किलो व्हॅन्कोमायसिन वापरलं गेलं. त्याच वर्षी जनावरांच्या खाद्यात गेलेलं अव्होपार्सिन होतं 24,000 किलो. एकाला दाद न देणारा जिवाणू दुसऱ्यालाही जुमानत नाही. असे जिवाणू कोंबड्या-डुकरांच्या आतड्यांत सापडू लागले, तेव्हा 1995 च्या मे महिन्यात डेन्मार्कनं अव्होपार्सिनवर बंदी घातली. प्राणी, अन्न आणि माणसं या तिन्हींमधल्या औषधप्रतिकारावर एकत्र नजर ठेवणारी ‘डॅनमॅप’ ही यंत्रणाही त्याच वर्षी सुरू झाली.

बंदीनंतर कोंबड्यांमधले प्रतिकारक जिवाणू झपाट्यानं कमी झाले. डुकरांमध्ये मात्र दोन-तीन वर्षं आकडा हलेचना. याचं कारण शोधल्यावर जे सापडलं, ते पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे. डुकरांमधल्या या जिवाणूंत व्हॅन्कोमायसिनला प्रतिकार करणारं जनुक आणि टायलोसिन या वेगळ्याच औषधाला प्रतिकार करणारं जनुक एकाच डीएनएच्या तुकड्यावर शेजारी शेजारी बसली होती. डुकरांना टायलोसिन मिळत होतं, त्यामुळे ते जिवाणू तग धरत होते आणि शेजारचं जनुकही फुकटात टिकत होतं. 1998 मध्ये टायलोसिनचा वापर खाली आला आणि मग प्रतिकारक जिवाणूही घटले. 1997 मध्ये सुमारे 20 टक्के असलेलं त्यांचं प्रमाण 2000 मध्ये 6 टक्क्यांवर आलं. म्हणजे खाद्यातली एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी घालताना त्या दुसरीच्या पाठीवर बसून काय येतं, तेही पाहावं लागतं.

डेन्मार्कच्या आधी हा रस्ता स्वीडननं चालून पाहिला होता. तिथे 1986 मध्येच बंदी आली, आणि तिची मागणी खुद्द शेतकऱ्यांच्या संघटनेनं केली होती. पहिल्या वर्षी पिल्लांमधली मरतूक दीड टक्क्यानं वाढली आणि 25 किलो वजन गाठायला पाच-सहा दिवस जास्त लागू लागले. फटका बसला तो इथेही पिल्लांनाच.

आई दूर गेल्यानंतर

निसर्गात डुकरीण आपल्या पिल्लांना तीन-चार महिने पाजते आणि हळूहळू दूर करते. युरोपातल्या फार्मवर दूध तोडण्याचं किमान वय कायद्यानं 28 दिवस आहे. स्वच्छ, वेगळी शेड असेल तर 21 दिवसही चालतात. तेव्हा पिल्लाचं वजन असतं सहा-सात किलो.

त्या दिवसापर्यंत पिल्लाचं आयुष्य एका ठरलेल्या लयीत चाललेलं असतं. साधारण दर तासाला आई एका विशिष्ट आवाजात हुंकारते, सगळी पिल्लं आपापल्या सडाला लागतात आणि जेमतेम वीस सेकंद दूध येतं. प्रत्येकाचा सड ठरलेला. एका दिवसात हे सगळं संपतं. आई नाही, ओळखीची भावंडं नाहीत, शेड वेगळी, आणि समोर कोरडा भरडा. हे खायचं असतं, हेसुद्धा काही पिल्लांना कळत नाही. काही तासाभरात तोंड लावतात, काही दोन दोन दिवस लावत नाहीत.

आतड्याच्या आतल्या भिंतीवर मखमलीसारखे उभे असलेले बारीक अंकुर अन्नरस शोषून घेतात. पोटात अन्न आलं नाही की ते आखूड होतात. दूध तुटल्यापासून 24 तासांत त्यांची उंची सुमारे पाव भागानं घटल्याचं मोजलं गेलं आहे. तिसऱ्या दिवशी भुकेलेलं पिल्लू एकदम खाद्यावर तुटून पडतं आणि ते पचवणारी जागा तर आता कमी झालेली असते.

जठरात दुसरी अडचण. दूध पिणाऱ्या पिल्लाचं जठर स्वतः फारसं आम्ल तयार करत नाही. दुधातल्या साखरेपासून जठरातले जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्यावर काम भागतं. दूध बंद झालं की तो पुरवठा आटतो. त्यातच नव्या खाद्यातला चुना आणि सोयाबीनची प्रथिनं उरलंसुरलं आम्ल शोषून घेतात. जठराचा सामू वर चढतो. प्रथिनं फोडणारं पेप्सिन हे विकर तीव्र आम्लातच नीट चालतं, ते ढिलं पडतं. न पचलेली प्रथिनं पुढे सरकतात आणि उपद्रवी जिवाणूंना आयती मेजवानी मिळते.

तिसरी अडचण संरक्षणाची. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं नसतात, कारण डुकरिणीच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. पहिल्या चिकातून ती मिळतात आणि पुढे रोजच्या दुधातली प्रतिपिंडं आतड्याला आतून लेप दिल्यासारखी राखत असतात. दूध तुटतं त्याच दिवशी हा लेपही जातो, आणि पिल्लाची स्वतःची व्यवस्था पुरती उभी राहायला अजून काही आठवडे असतात.

नेमक्या या फटीत इ. कोलाय जिवाणूचे काही प्रकार शिरतात. आपल्या अंगावरच्या बारीक तंतूंनी ते आतड्याला चिकटतात आणि असं विष सोडतात, की आतड्यातून पाणी आणि क्षार उलटे बाहेर वाहू लागतात. अनुभवी माणूस सकाळी शेडमध्ये शिरताच ओळखतो. शेपटीखालचा भाग ओला, कुशी आत गेलेल्या, केस उभे, पिल्लं एकमेकांवर चढून पडलेली. उशीर झाला तर एक-दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मोठ्या डुकराचं जठर, आतडं आणि प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. त्याला खाद्यातल्या औषधाची गरज नव्हतीच. पिल्लाला मात्र ते औषध वेळेआधी तोडलेल्या दुधाची उणीव झाकायला दिलं जात होतं. औषध काढून घेतल्यावर उघडी पडली ती दुधाची जागा. म्हणून बाजारातल्या प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: दुधाच्या कामांपैकी कोणतं काम तू करतोस?

आम्लं: जठराची कमतरता भरणारी

याचं सर्वांत सरळ उत्तर सेंद्रिय आम्लं देतात. फॉर्मिक, लॅक्टिक, सायट्रिक, प्रोपिऑनिक, बेंझॉइक. 2001 मध्ये युरोपीय संघानं प्रतिजैविक नसलेलं पहिलं वाढवर्धक म्हणून मान्यता दिली, ती पोटॅशियम डायफॉर्मेट या फॉर्मिक आम्लाच्या क्षाराला.

आम्लांचं काम दोन पातळ्यांवर चालतं. एक उघड आहे. जठराचा सामू खाली येतो, पेप्सिन कामाला लागतं. दुसरं बारीक आहे. आंबट वातावरणात या आम्लाचे रेणू अखंड राहतात, आणि अखंड रेणू जिवाणूच्या पातळ आवरणातून सहज आत जातात. आत वातावरण उदासीन असतं. तिथे गेल्यावर रेणू फुटतो आणि आम्लता आतच सोडतो. ती बाहेर फेकण्यासाठी जिवाणूला सतत शक्ती खर्च करावी लागते. वाढायला, दोन व्हायला शिल्लक काही राहत नाही. लॅक्टिक आम्ल बनवणारे उपयुक्त जिवाणू आपल्या आतली आम्लता वाढली तरी निभावून नेतात, म्हणून त्यांना याचा जाच कमी होतो. इ. कोलाय आणि साल्मोनेला मात्र मार खातात.

बेंझॉइक आम्लाची आणखी एक गंमत आहे. शरीरात त्याचं हिप्प्युरिक आम्ल होतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. लघवी आंबट झाली की शेडमधला अमोनियाचा उग्र वास कमी होतो. पिल्लांच्या खाद्यात ते टनाला 5 किलो घालतात. 40 ग्रॅम प्रतिजैविक आणि 5 किलो आम्ल या दोन आकड्यांतच किमतीचं गणित दिसतं. शिवाय फॉर्मिक आम्ल शुद्ध स्वरूपात हात भाजतं, डोळ्यांना झोंबतं आणि यंत्रांना गंज चढवतं. ‘नैसर्गिक’ म्हणून ते उघड्या हातांनी मिसळायला घेणाऱ्याची धडगत नाही.

हेच काम आंबवलेल्या खाद्यानं स्वस्तात होतं. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये धान्याचा भरडा पाण्यात किंवा चीज करताना उरलेल्या निवळीत कालवून आंबवतात. पातळ आंबोणच म्हणा ना. लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू 4 च्या आसपास येतो आणि खाद्य पोटात जाण्याआधीच साल्मोनेलासारख्यांचा निकाल लागतो. अडचण एवढीच, की यीस्ट माजलं तर चव बिघडते, आणि खाद्यात वरून घातलेलं लायसिन हे महागडं अमिनो आम्ल टाकीतले जिवाणूच फस्त करतात. टाकीवर रोज लक्ष ठेवणारा माणूस असेल त्यालाच हा उपाय परवडतो.

ओवा, दालचिनी, लसूण

दुसरा गट वनस्पतींचा. पोट बिघडलं की आपल्याकडे ओवा चघळतात. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल, आणि पशुखाद्याच्या बाजारात सर्वांत जास्त अभ्यासलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांपैकी तो एक आहे. त्याच्या जोडीला ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल, लसणातलं ॲलिसिन. हे पदार्थ जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात, त्याच्या आतले क्षार गळू लागतात. काचेच्या बशीत हे फार छान दिसतं.

डुकराच्या पोटात मात्र तेवढं छान दिसत नाही, आणि त्याची कारणं ठोस आहेत. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच जवळपास पूर्ण शोषले जातात, जिथे इ. कोलाय ठाण मांडून असतो तिथपर्यंत फारसं काही पोचतच नाही. त्यावर उपाय म्हणून तेलाचे बारीक कण घट्ट वनस्पती-तुपाच्या आवरणात बंद करतात. जठरात ते टिकतं, पुढे चरबी पचवणाऱ्या विकरांनी उलगडतं आणि तेल योग्य जागी मोकळं होतं. म्हणजे चांगल्या उत्पादनाची अर्धी किंमत ओव्याची नसून वेष्टनाची असते.

दुसरं कारण बदलत्या ताकदीचं. रोप कुठल्या जमिनीत वाढलं, कधी कापलं, कसं वाळवलं, यावर तेलातल्या घटकाचं प्रमाण ठरतं. एका पोत्यातली पूड आणि पुढच्या पोत्यातली पूड सारखी असेलच असं नाही. म्हणून गंभीर कंपन्या मोजून घेतलेला शुद्ध घटक वापरतात, आणि तो पुष्कळदा कारखान्यात बनवलेला असतो. तिसरं कारण वासाचं. डुकराचं नाक तिखट आहे. मात्रा थोडी वाढली की पिल्लू खाद्य हुंगून मागे सरतं, आणि आधीच न खाणाऱ्या पिल्लानं आणखी कमी खाल्लं तर उपाय उलटलाच म्हणायचा.

एवढं असूनही हे पदार्थ टाकाऊ नाहीत. पाचक रस वाढवणं, दाह कमी करणं ही कामं त्यातले काही नीट करतात. फक्त त्यांच्याकडून टायलोसिनचं काम मागायचं नाही.

जिवाणू, त्यांचं खाणं आणि उसनी प्रतिपिंडं

तिसरा गट आतड्यातल्या वस्तीशी संबंधित आहे. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटात आपसूक असतात. दूध तुटल्यावर ते कमी होतात, म्हणून वरून द्यायचे. पण पशुखाद्य आज बहुतेक ठिकाणी वाफेवर तापवून गोळीखाद्याच्या रूपात बनतं आणि त्या उष्णतेत हे नाजूक जिवाणू मरतात. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांचे बीजाणू मात्र ती धग सोसतात, पोटात जाऊन जागे होतात. बाजारात बॅसिलसचा बोलबाला आहे तो यामुळे. इथेही एक अट आहे. दिल्या जाणाऱ्या जिवाणूत प्रतिकाराची जनुकं नाहीत याची तपासणी झालेली हवी, नाहीतर औषध टाळून औषधप्रतिकारच खाऊ घातल्यासारखं होईल. युरोपात अशी तपासणी झाल्याशिवाय परवानगी मिळत नाही.

त्यांच्याच जोडीला येतात न पचणारी तंतुमय द्रव्यं. चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन डुकराला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू ते खाऊन ब्युटिरिक आम्ल बनवतात, आणि ते आतड्याच्या पेशींचं आवडतं इंधन आहे. यीस्टच्या भित्तिकेपासून मिळणाऱ्या मॅनन शर्करांची गोष्ट वेगळी. काही जिवाणू आतड्याच्या भिंतीवरच्या मॅनोज साखरेला पकडून चिकटतात. तीच साखर समोर तरंगत ठेवली, तर ते तिला पकडतात आणि मलासोबत बाहेर जातात. साल्मोनेलावर ही युक्ती चालते. पण पिल्लांच्या हगवणीतले इ. कोलायचे मुख्य प्रकार वेगळ्या तंतूंनी चिकटतात आणि या सापळ्याला भुलत नाहीत. कुठला जंतू आहे हे न पाहता पोतं विकत घेतलं तर पैसे वाया जातात, ते असे.

दुधातल्या प्रतिपिंडांची जागा घ्यायला जनावरांच्या रक्तातला द्रव वाळवून केलेली प्लाझ्माची पूड वापरतात, किंवा कोंबडीला इ. कोलायविरुद्ध लस देऊन तिच्या अंड्याच्या बलकातून प्रतिपिंडं मिळवतात. प्लाझ्मानं पिल्लं खाद्याला लवकर तोंड लावतात, हा तिचा मोठा गुण. पण ती महाग आहे, आणि डुकराचं रक्त डुकराला देताना रोग पसरू नये यासाठी कडक प्रक्रिया लागते.

जस्ताचा सापळा

बंदीनंतरच्या धांदलीत शेतकऱ्यांनी सर्वांत घट्ट धरला तो उपाय यांपैकी कुठलाच नव्हता. तो होता झिंक ऑक्साइड. दूध तुटल्यानंतरचे दोन आठवडे खाद्यात टनाला अडीच किलो जस्त घातलं, की हगवण बरीचशी आटोक्यात येते, हे डॅनिश प्रयोगांत दिसलं होतं. पिल्लाची खरी गरज टनाला 100 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गरजेच्या पंचवीसपट. जस्त हे खनिज, स्वस्त, प्रतिजैविकही नाही; सगळ्यांना हायसं वाटलं.

पण यातलं बहुतेक जस्त शेणातून बाहेर पडतं, खत म्हणून शेतात जातं आणि तिथेच साठतं. धातू कुजत नाही, विरत नाही. दुसरं, जस्ताला तोंड देणारी जनुकंही प्रतिजैविकांना तोंड देणाऱ्या जनुकांच्या सोबतीनं वावरतात. टायलोसिनच्या वेळी शिकलेला धडा पुन्हा समोर आला. तांब्याबाबतही असंच नातं डेन्मार्कमध्येच सापडलं होतं. अखेर युरोपीय आयोगानं 2017 मध्ये निर्णय घेतला आणि पाच वर्षांची मुदत देऊन जून 2022 पासून औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड बंद केलं. त्यानंतर डेन्मार्कमध्ये हगवणीवरच्या निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर वाढला. एक पांघरूण काढलं की दुसरं शोधण्याची सवय अजून गेलेली नाही, एवढं त्यातून दिसतं.

मग यश कशाचं?

एवढ्या खाचखळग्यांनंतरही डेन्मार्कचा एकूण हिशेब नफ्याचाच आहे. 1992 मध्ये तिथे 1 कोटी 84 लाख डुकरं तयार झाली, 2008 मध्ये 2 कोटी 71 लाख. त्याच काळात मांसाच्या दर किलोमागे वापरलेलं प्रतिजैविक 100.4 मिलिग्रॅमवरून 48.9 मिलिग्रॅमवर आलं. उत्पादन जवळपास दीडपट, औषध निम्मं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2002 मध्ये तिथे बसून हिशेब केला, तेव्हा बंदीमुळे डुकरामागचा उत्पादनखर्च सुमारे 1 टक्का वाढल्याचं निघालं.

हे कुठल्या एका पुडीनं झालं नाही. पिल्लांच्या खाद्यातली प्रथिनं कमी केली गेली आणि लायसिन, थ्रिओनिनसारखी अमिनो आम्लं मोजून वरून घातली गेली. न पचलेलं प्रथिन कमी, तर हगवण कमी. चुन्याचं प्रमाण घटवलं. एका वयाची पिल्लं एकदम आत, एकदम बाहेर, आणि मधे शेड धुऊन कोरडी, ही शिस्त आली. इ. कोलायचे तंतू ज्यांच्या आतड्याला चिकटत नाहीत अशी डुकरं पैदाशीसाठी निवडली जाऊ लागली. 1995 मध्ये पशुवैद्यांच्या औषधविक्रीतल्या नफ्यावर मर्यादा घातली गेली, त्यामुळे लिहून देणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा स्वार्थ वेगळा झाला. 2010 पासून जास्त औषध वापरणाऱ्या फार्मला ‘पिवळं कार्ड’ दाखवलं जातं. आम्लं, जिवाणू, वनस्पतींचे अर्क या सगळ्याच्या जोडीला आले. पाया पक्का होता म्हणून त्यांचा उपयोग झाला.

बाकी जगही या वाटेवर आलं. युरोपीय संघात 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठीची प्रतिजैविकं पूर्ण बंद आहेत. चीनमध्ये 2015 मध्ये डुकरांपासून मिळालेल्या इ. कोलायमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारं एमसीआर-1 जनुक सापडलं आणि जगभर खळबळ माजली. चीननं 2017 मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन घालणं थांबवलं. खाद्यात मिसळायच्या कोलिस्टिनचं तिथलं उत्पादन 2015 च्या 27,170 टनांवरून 2018 मध्ये 2,497 टनांवर आलं आणि डुकरांमधलं ते जनुकही घटलं. भारतानं जुलै 2019 मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पशुखाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

भारतात 2019 च्या पशुगणनेनुसार सुमारे 90 लाख डुकरं आहेत, सर्वांत जास्त आसामात. गोव्यात अगोंद गोवन ही स्थानिक जात परसात पाळली जाते. अशी चार-दोन जनावरं उरल्यासुरल्या अन्नावर आणि कोंड्यावर वाढतात, पिल्लं आईजवळ जास्त काळ राहतात. त्यांना वाढीसाठीच्या औषधाची गरज कधी नव्हतीच. ही गरज उभी राहते ती लवकर दूध तोडणाऱ्या, दाटीवाटीनं पिल्लं ठेवणाऱ्या फार्मवर, आणि असे फार्म आता आपल्याकडेही निघत आहेत. त्यांच्या दारात विक्रेते रंगीत पोती घेऊन येतीलच.

तेव्हा डुकरं पाळणाऱ्यानं आधी चार गोष्टी कराव्यात. दूध किमान 28 दिवसांनी तोडावं, त्याआधीच पिल्लाला खाद्याची ओळख करून द्यावी, खाद्यातलं प्रथिन आणि चुना आटोक्यात ठेवावा, आणि प्रत्येक गटानंतर शेड धुऊन सुकू द्यावी. यानंतर पैसे उरले तर पहिली पसंती आम्लाला द्यावी. बाकी कुठलंही पोतं घेताना विक्रेत्याला विचारावं, की यातला घटक कोणता, टनाला किती, कोणत्या वयाला, आणि चाचणी कुठल्या जंतूवर झाली. या चार प्रश्नांची उत्तरं पोत्यावर छापलेली नसतील, तर ‘नैसर्गिक’ या एका शब्दाचे पैसे देऊ नयेत. आणि पिल्लू खरोखर आजारी पडलं, तर पशुवैद्याला बोलावून योग्य औषध पूर्ण मात्रेत द्यावं. प्रतिजैविकं त्याच दिवसासाठी राखून ठेवायची आहेत.